मूळ हयात, नक्कल मयत

नक्कल विभागातल्या माणसांकडे स्वतःचं असं काही नसतं, असा बाकीच्या कचेरीचा समज होता, आणि नक्कल विभागाने तो कधी खोडून काढला नव्हता. खोडणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. कचेरीच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून आत शिरावं लागणारी एक लांबट खोली, दोन टेबलं, उंच कपाटं आणि बाहेरचं काही दाखवायचं नाही असं ठरवून बसलेली एक खिडकी, एवढं त्यांचं राज्य. लोक अर्ज करत. आजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल हवी, जुन्या निकालाची हवी, वाटणीच्या कागदाची हवी. यंत्रं आली तसं निम्मं काम यंत्रांनी नेलं. पण हाताने लिहिलेला, शाई उडालेला कागद यंत्रापुढे ठेवला की यंत्र राखाडी ढग काढून द्यायचं, आणि मग तो कागद बाईंच्या टेबलावर यायचा.

त्यांना सगळी कचेरी नुसतं ‘बाई’ म्हणायची. बाई कागद वाचून टंकत, आणि मग रुजवात व्हायची. रुजवात म्हणजे मूळ कागद एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नक्कलेवरून बोट फिरवत ऐकायचा. फरक सापडला तर थांबवायचं. एरवी मधे बोलायचं नाही, हसायचं नाही, मजकूर कितीही हसण्यासारखा असो. आणि सुधारायचं तर मुळीच नाही. एका मृत्युपत्रात म्हाताऱ्याने तीन मुलांना चार सारखे हिस्से वाटून दिले होते. नक्कलेतही तीन मुलांना चार हिस्सेच गेले. मरणाऱ्याचा हिशेब दुरुस्त करण्याचा अधिकार टंकणाऱ्याला नसतो.

मोठ्याने वाचायचं काम समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांचं. ते विरामचिन्हांसकट वाचत, आणि इतकी वर्षं वाचत आले होते की ती सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. “चहा सांगा स्वल्पविराम साखर कमी पूर्णविराम,” असं ते शिपायाला खरोखरच म्हणत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते पूर्णविराम.

रुजवात झाली की खाली दोन सह्या होत. त्या सह्यांचा अर्थ एवढाच, की हे त्याच्याबरहुकूम आहे. मजकूर कुणाचा, खरा की खोटा, शहाण्याचा की वेड्याचा, याच्याशी सहीचा संबंध नाही. बाईंनी उभ्या नोकरीत सही केली ती फक्त दुसऱ्याच्या मजकुराखाली. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीत होतं.

बाईंचे यजमान एका मोठ्या कापडाच्या दुकानात विक्रेते होते. बोलणं हाच त्यांचा धंदा आणि तोच छंद. पडद्याचं कापड बघायला आलेलं गिऱ्हाईक त्यांच्या तावडीतून सुटाचं कापड घेऊन बाहेर पडायचं आणि घरी गेल्यावर उघड्या खिडकीकडे बघत बसायचं. एका दुपारी ठाण उलगडता उलगडता ते वाक्याच्या मध्यावर थांबले. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव वाढवायला थांबलेत.

इस्पितळातून ते घरी आले तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. सगळी नव्हे. एक शब्द राहिला होता: ‘चालेल’. घासाघीस संपली, सौदा ठरला की ते जो शब्द म्हणत, तोच. डॉक्टर म्हणाले, असं होतं; सगळं पुसलं जातं आणि एखादा शब्द चिकटून राहतो. आत कळतं सगळं, बाहेर पडतो तेवढाच. भूक लागली, चालेल. पाय दुखतो, चालेल. राग आला, तर तोच शब्द दात आवळून. बाईंच्या मते दुसरा कुठलाही शब्द राहिला असता तर बरं झालं असतं. ‘नको’ राहिला असता तरी संसार सोपा गेला असता.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. त्यांना काका आणि बाईंना काकू म्हणायची. तिने फोनवर एक गट काढला होता, घरात असा माणूस असलेल्यांचा. सुरुवातीला त्यात औषधं, खाटा, माणसं मिळण्याची ठिकाणं असलं चालायचं. मग कुणीतरी रडगाणं गायलं, कुणीतरी त्याला उत्तर दिलं, आणि बाईंनाही एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वाटलं की आपण दोन ओळी लिहाव्यात. दोनाच्या बऱ्याच झाल्या. मग त्या लिहीतच गेल्या. घरात कुणाला सांगितलं नाही, कचेरीत तर नाहीच. लिहिणं कचेरीतल्यासारखंच कोरडं. उदाहरणार्थ:

‘घरी न्हावी आला होता. त्याने विचारलं, मिशी ठेवायची की काढायची. हे म्हणाले, चालेल. त्याने काढली. आरशात बघून हे बराच वेळ गप्प राहिले. म्हणजे तसे हे गप्पच असतात. पण हे गप्प वेगळं होतं. मग आम्ही दोघं हसलो. आधी ते हसले.’

त्याच लेखात पुढे न्हाणीघराची अडचण होती, शेजारी कसे दारातून चौकशी करतात आणि आत येत नाहीत ते होतं, आणि मधे एक परिच्छेद असा:

‘यांची धाकटी बहीण रविवारी येते. लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलते. तिला यांनीच बोट धरून शाळेत नेलं, वडील गेल्यावर यांनीच तिचं सगळं केलं. ती गेली की हे भिंतीकडे तोंड करून रडतात.’

गटाला तो लेख फार आवडला. इतका, की कुणीतरी तो आपल्या आतेबहिणीला धाडला, आतेबहिणीने आणखी कुणाला. बाईंनी खाली नाव घातलंच नव्हतं. गटात फोनवरून कळायचंच कोण ते. पण लेख गटाबाहेर पडला आणि बेवारस झाला. नाव का घातलं नाही असं नंतर पूर्णविरामांनी रागावून विचारलं, तेव्हा बाईंचं उत्तर एवढंच: सही करायची ती ताडून पाहिल्यावर. हे ताडायचं कशाशी?

मग एका दुपारी, डबा उघडताना, फोन वाजला. नणंदबाईंनी घरच्या गटावर एक लेख टाकला होता आणि त्याखाली रडणारे चेहरे ओळीने बसवले होते. पाठोपाठ वेगळा निरोप, फक्त बाईंना:

‘वहिनी, हे वाचच. थेट आपल्या दादासारखं आहे. पण बघ, त्या माउलीने किती प्रेमाने केलं नवऱ्याचं!’

त्या ‘पण’मध्ये काय काय होतं ते बाईंना माहीत होतं. दिवसभर माणूस ठेवून नोकरीला जाणारी वहिनी नणंदबाईंच्या हिशेबात कधी बसली नव्हती.

लेखाखाली एका प्रसिद्ध वक्त्या बाईंचं नाव होतं, हसरा फोटो होता. या बाई सभागृहांतून जगण्याविषयी बोलत आणि लोक तिकीट काढून ऐकत. लेखाची सुरुवात चांदण्याने झाली होती. बाई वाचत गेल्या. चांदणं संपलं तसं काहीतरी ओळखीचं लागलं, अंधारात आपल्याच घरातल्या टेबलाचा कोपरा लागावा तसं. ‘म्हणजे तसे ते गप्पच असतात. पण हे गप्प वेगळं होतं.’ त्या थांबल्या. पुन्हा वाचलं. मग शेवटापर्यंत गेल्या, आणि शेवटी त्यांचा नवरा मेला.

डबा तसाच उघडा राहिला.

“काय झालं प्रश्नचिन्ह,” पूर्णविरामांनी विचारलं.

बाईंनी तेच केलं जे त्यांना येत होतं. आपला फोन काढून जुना लेख उघडला आणि पूर्णविरामांच्या हातात दिला. चोरलेला लेख कचेरीच्या संगणकावर उघडला, खुर्ची ओढली, पडद्यावर बोट ठेवलं.

“भाऊ, एक रुजवात घ्यायची आहे. मूळ तुमच्याकडे.”

“आत्ता प्रश्नचिन्ह सुट्टीत प्रश्नचिन्ह”

“आत्ता.”

पूर्णविरामांनी चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं. “घरी न्हावी आला होता पूर्णविराम.”

“फरक,” बाई म्हणाल्या. “न्हावी नाही. चांदणं आहे. बायको थरथरत्या हातांनी स्वतः दाढी करते.”

“त्याने विचारलं स्वल्पविराम मिशी ठेवायची की काढायची पूर्णविराम. हे म्हणाले स्वल्पविराम चालेल…”

इथे पूर्णविरामांचा आवाज अडखळला. आजारपणात ते एकदा घरी येऊन गेले होते, आणि जाताना यजमानांनी त्यांचा हात धरून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हटला होता. त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. बाईंचं बोट पडद्यावर होतं. रुजवातीत मधे बोलायचं नसतं.

“फरक,” बाई म्हणाल्या. “चालेल नाही. ‘सखे’ आहे.”

“काय आहे प्रश्नचिन्ह”

“सखे. तो फक्त ‘सखे’ एवढंच म्हणू शकतो. आणि मिशी नाहीच. आणि तो दुकानात नाही, गायक आहे.”

पूर्णविराम पुढे वाचत गेले. न्हाणीघर आलं, नक्कलेत ते गाळलं होतं. बहिणीचा परिच्छेद आला. तो होता, जवळजवळ शब्दशः, फक्त अश्रूंना मोती म्हटलं होतं. इतकी वर्षं समोरासमोर बसून जे त्यांना बाईंनी सांगितलं नव्हतं, ते पूर्णविराम आता विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचत होते, आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं ते बरं झालं. शेवटची ओळ आली. “उद्या न्हावी पुन्हा येणार आहे स्वल्पविराम या वेळी मी समोर उभी राहणार पूर्णविराम.”

“फरक. तो पहाटे ‘सखे’ म्हणतो आणि प्राण सोडतो.”

पूर्णविरामांनी फोन अलगद टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाई, इतकी वर्षं नोकरी झाली,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चिन्हं गाळून बोलले. “नक्कलेत शब्द गळाले, ओळी गळाल्या, एकदा अख्खा एक काका गळाला. पण मूळ हयात आणि नक्कल मयत, असं आपल्याकडे कधी झालं नव्हतं.”

बाईंना हसू आलं आणि त्या हसण्यातच त्यांना रडू फुटलं. पूर्णविराम उठून खिडकीपाशी गेले आणि तिच्यातून काही दिसत असल्यासारखे बाहेर बघत राहिले.

राग कशाचा, हे बाईंना नीट सांगता येत नव्हतं. लेख नेला म्हणून राग होताच. पण त्याहून जास्त, तो सुधारला म्हणून होता. गिऱ्हाइकांना हसवणारा, मिशीवर जीव असलेला माणूस पुसून तिथे लांब केसांचा गायक बसवला होता. ‘चालेल’ला चार लोकांत उभं राहण्याजोगं सौंदर्य नव्हतं, म्हणून ‘सखे’. आणि मेल्याशिवाय लोक रडत नाहीत, म्हणून मारला. हजारो लोक ज्याच्यासाठी हळहळत होते तो घरी पलंगावर बसून टीव्हीवर सामना बघत होता.

त्यांनी वक्त्या बाईंना लिहिलं. कचेरीच्या धाटणीचं, तीन ओळींचं: सदर लेख माझा आहे, तो अमुक गटावर आधी लिहिलेला आहे, माझे यजमान जिवंत आहेत, दुरुस्ती व्हावी. उत्तर लगेच आलं.

‘प्रिय ताई, तुमच्या भावना पोहोचल्या. वेदना कुणा एकीची नसते. माझ्या लेखणीतून तुमचीही वेदना बोलली असेल, तर मी धन्य झाले. तुमच्या यजमानांना प्रकाश लाभो.’

बाईंनी पुन्हा लिहिलं, तर ते पोचलंच नाही. वक्त्या बाईंच्या पानाचं दार त्यांच्यापुरतं बंद झालं होतं.

“प्रकाश लाभो?” पूर्णविराम भडकले. “जिवंत माणसाला? मूळ आपल्याकडे आहे बाई, तारखेसकट. आपण छापू. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, आणि मधे फरकांची यादी. कोणत्या न्यायाधीशासमोर उभं केलं तरी टिकेल.”

बाईंनाही तेच हवं होतं. त्यांना प्रसिद्धी नको होती, सभागृह तर नकोच. पण मिशीवाला, दुकानातला, ‘चालेल’ म्हणणारा माणूस त्या लेखात परत बसवायचा होता. तो गेलेला नाही, हे त्या रडणाऱ्या लोकांना कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, वन्संना कळायला हवं होतं.

संध्याकाळी व्यायामाची मुलगी आली तेव्हा बाईंनी तिला सगळं सांगितलं. ती आधी संतापली, मग म्हणाली, “काकू, मी साक्ष देते. गट माझा आहे, तारखा दाखवते. नुसता हो म्हणा.” आणि काकांचा लुळा हात कोपरात वाकवता वाकवता, सहज विचारावं तसं तिने विचारलं, “काकांना विचारलंत?”

“काय?”

“हेच. लोकांत जाणार म्हणजे ते पण जाणार ना. मिशी, न्हाणीघर, सगळं.”

“ते काय म्हणणार?” बाई म्हणाल्या. “चालेल.”

पलंगावरून आवाज आला, “चालेल.”

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. या माणसाच्या तोंडून इतके दिवस एकदाही नकार निघालेला नाही, म्हणजे होकारही निघालेला नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. गटावर पहिला शब्द लिहिला तेव्हाही त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. वक्त्या बाईंनाही वाटली नसावी.

“प्रश्न नका विचारू,” जाताना मुलगी म्हणाली. “प्रश्नाला ते तेच म्हणणार. समोर ठेवा आणि बघा काय करतात.”

रविवारी सकाळी बाईंनी त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, शेजारी स्टूल घेतलं आणि फोन दोघांच्या मधे, त्यांच्या मांडीवर धरला.

“अहो, मी तुमच्यावर लिहिलंय. न विचारता लिहिलंय.”

“चालेल.”

“तसं नाही. आधी ऐका.”

त्या वाचू लागल्या, कचेरीतल्यासारख्या, सपाट आवाजात, ओळीखाली बोट फिरवत. मिशी आली तेव्हा यजमानांच्या तोंडाची चालती बाजू वर गेली. परत उगवलेल्या मिशीला त्यांनी डाव्या हाताने ताव दिला. न्हाणीघर आलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. बाई थांबल्या. यजमानांनी मान फिरवून पुन्हा फोनकडे पाहिलं, म्हणजे वाच. बाईंनी वाचलं. शेजारी आले आणि गेले. मग: ‘यांची धाकटी बहीण रविवारी येते.’

डावा हात उठला आणि फोनवर येऊन बसला. सपाट, सगळा पडदा झाकून.

“दमलात?”

“चालेल.”

बाईंनी हात हळूच बाजूला केला आणि तिथूनच पुन्हा सुरुवात केली. हात पुन्हा आला. या वेळी दाबून. नखं पांढरी झाली होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते बाईंकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते, जणू तो आपलाच आहे याची खात्री करून घेत असावेत. बाईंनी तो परिच्छेद सोडला आणि पुढचं वाचलं. हात मांडीवर शांत राहिला. शेवट झाला. कामाची सवय जात नाही. बाईंनी उलटं जाऊन बहिणीच्या ओळीवर एकदा बोट ठेवलं. बोट बाजूला केलं गेलं.

म्हणजे मिशी चालेल. न्हाणीघर चालेल. हे नाही.

आजारी पडल्यापासूनचा हा त्यांचा पहिला नकार. बाईंनी तो ऐकला, आणि पुढे त्यावर काही बोलायच्या आत दाराची घंटा वाजली.

“दादा!” नणंदबाई उंबऱ्यातूनच ओरडल्या. “कोण आलंय? सांग बरं कोण आलंय? ओळखलंस का?”

“चालेल,” दादा म्हणाला.

“शहाणा माझा!”

त्यांनी पिशवी ठेवली, बाईंचं स्टूल ओढून घेतलं आणि पर्समधून फोन काढला. “दादा, आज मी तुला एक गंमत वाचून दाखवणार आहे. अगदी तुझ्यासारखे आहेत ते! ऐकायचं हं!” आणि बाईंकडे वळून, “वहिनी, वाचलास ना तू? नुसती निळी खूण दिसली. उत्तर नाही, काही नाही.”

“वाचला.”

“आणि?”

“वन्सं, चहा टाकते.”

“राहू दे चहा. बस इथे. तूही ऐक.”

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. नणंदबाईंनी चांदण्यापासून सुरुवात केली. त्या छान वाचत. लहानपणी शाळेत पाठांतराची बक्षिसं मिळवली होती आणि ती पाठांतरं हाच दादा करून घ्यायचा. ‘म्हणजे तसे ते गप्पच असतात’ या ओळीला त्यांनी थांबून उसासा टाकला. यजमानांनी भुवई उचलून बाईंकडे पाहिलं. ओळ ओळखली होती. मग बहिणीचा परिच्छेद आला. बाईंनी यजमानांच्या हाताकडे पाहिलं. डावा हात लुळ्या हातावर राहिला. दुसऱ्याच्या फोनवर ठेवायला तो पोचणारा नव्हता.

“‘…लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्याने बोलते. ती पाठमोरी होताच तो भिंतीकडे तोंड करतो आणि त्याच्या डोळ्यांतून मोती ओघळतात.’” नणंदबाईंनी फोन खाली घेतला. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. “कसली गं ही बहीण! आजारी माणसाशी कसं बोलावं एवढंही कळू नये? बिचारा. काय वाटत असेल त्याला! काय रे दादा, काय वाटत असेल?”

“चालेल,” दादा म्हणाला. फार हळू.

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. छोटंसं होतं, आणि त्यात सगळंच होतं: लेख, नवरा, ‘पण’चा हिशेब, इतक्या रविवारांची परतफेड. यजमान आता बाईंकडे बघत होते. दुकानात असताना गिऱ्हाइकाचा हात कापडावर ठरला की ते एक क्षण असेच थांबत, काही न बोलता.

“पुढे वाचा, वन्सं,” बाई म्हणाल्या. नणंदबाईंनी डोळे पुसले आणि पुढे वाचलं. शेवटाकडे आल्यावर त्या अडखळल्या. फोन पदराआड करून त्या बाईंच्या कानाशी वाकल्या, आणि त्या घरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कुजबुजीइतका खाली आला.

“वहिनी, शेवटी तो जातो गं. दादापुढे कसं वाचू?”

“मग?”

नणंदबाईंनी क्षणभर विचार केला. मग फोनकडे बघत, आहे तेच वाचत असल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आणि मग एके दिवशी, दादा, तो उठला आणि चालायला लागला! सगळं बोलायला लागला! बरा झाला तो!”

त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता. यजमान बहिणीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

मुळात हयात, नक्कलेत मयत, आणि नक्कलेच्या नक्कलेत ठणठणीत बरा. यातली कोणती खोडायची, ते बाईंना सुचेना.

“काय लिहिलंय गं,” नाक पुसत नणंदबाई म्हणाल्या. “तुझा जन्म गेला लोकांचे कागद उतरवण्यात. एवढं वाचतेस, लिहितेस. आपल्या नवऱ्यावर दोन ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही तुला?”

“मला नाही जमत तसं,” बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, “छान लिहिलंय त्या बाईंनी.”

“छान काय! जीव ओतलाय.”

“हो,” बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी आधण उकळून निम्मं होईपर्यंत त्यात पूड घातली नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्णविरामांनी निवेदन तयार करून आणलं होतं. ‘उपरोक्त मजकुराची मूळ प्रत’ अशी सुरुवात, फरकांचा तक्ता, शेवटी सहीला जागा. इतकं सुंदर निवेदन त्या खोलीत पूर्वी झालं नसेल. बाईंनी ते पूर्ण वाचलं आणि परत दिलं.

“भाऊ, अर्ज मागे घेतला.”

“कारण?”

“मालकाची हरकत आली.”

“मालक तुम्ही!”

“मी लिहिणार,” बाई म्हणाल्या. “मालक नव्हे.”

पूर्णविराम दोन दिवस फक्त कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही, आणि त्यांनी आपला फोन बाईंच्या पुढे सरकवला. वक्त्या बाईंनी आपल्या पानावर खेद व्यक्त केला होता. त्यांचा तो गाजलेला लेख कुणीतरी त्यांच्या नावाशिवाय, शेवट बदलून, सर्वत्र फिरवत होतं. दुसऱ्याच्या काळजातून उतरलेले शब्द पळवणाऱ्यांना झोप तरी कशी लागते, असा सवाल त्यांनी केला होता. बाईंनी विचारलं, बदललेला शेवट कोणता. पूर्णविरामांनी शोधून दाखवला. त्यात गायक उठून चालायला लागत होता. नणंदबाईंनी तो आपल्या मैत्रिणींना धाडला असावा.

रविवारी नणंदबाई येतच राहिल्या. आवाज तसाच. त्या गेल्या की यजमान काही वेळा भिंतीकडे वळत, काही वेळा नाही. बाई त्या वेळी आत काहीतरी काम काढत. पूर्वी त्या दारातून बघत आणि मनात ओळ जुळवत असत. ते त्यांनी सोडलं.

लिहिणं सुटलं नाही. पण आता गटावर धाडण्याआधी बाई लिहिलेलं खिडकीजवळच्या खुर्चीपाशी नेतात, मांडीवर धरतात आणि सपाट आवाजात वाचतात. यजमान ऐकतात. कधी हसतात, कधी बाहेर बघतात, आणि नको असेल तिथे हात येऊन बसतो. का नको, ते बाई विचारत नाहीत. कधी चांगली जमलेली ओळच नेमकी त्या हाताखाली जाते, आणि बाईंना वाईट वाटतं. लिहिणाऱ्याला वाटतं तेवढं. झाकलेलं त्या तिथल्या तिथे पुसतात. त्यामुळे लेख आखूड झालेत. गटातल्या काहींना ते पूर्वीसारखे भिडत नाहीत असंही ऐकू आलं.

एखाद्या आठवड्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हात फोनवरून हलतच नाही. त्या आठवड्यात गटावर काही जात नाही. मग कुणीतरी काळजीने विचारतं, काकू, घरी सगळं ठीक ना? बाई उत्तर लिहितात: सर्व ठीक. लिहिलं होतं, मंजूर झालं नाही.